विमान डावीकडे का जातं? सेसना १७२, जुनी जॉयस्टिक आणि रिअॅलिझम सेटिंगच्या नोंदी

सामान असं: मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०, त्यातलं जी१००० या डिजिटल पडद्यांच्या पॅनेलचं सेसना १७२, सहा वर्षांचा पीसी आणि २,२०० रुपयांना घेतलेली सेकंड हँड जॉयस्टिक. दांडी पिळली की रडर (शेपटीचा उभा पंख, नाक डावी-उजवीकडे वळवणारा; खऱ्या विमानात तो पायाने चालतो) फिरतो, बुडाशी थ्रॉटलची (इंजिनच्या पॉवरची) छोटी पट्टी आहे. पेडल नाहीत, योक (खऱ्या विमानातलं हातात धरायचं सुकाणू) नाही. सिम्युलेटरच्या सगळ्या आपोआप मदती बंद करून पुण्याहून जुहूला जाऊन नीट उतरायचं, एवढंच ठरवलं होतं. शनिवार-रविवारात होईल असा अंदाज होता. तेवीस दिवस लागले. हेच करायला बसणाऱ्याचे निदान दहा दिवस तरी वाचावेत म्हणून या नोंदी जशाच्या तशा ठेवतोय, चुकांसकट.

८ जून २०२४, शनिवार (३ तास)

असिस्टन्स ऑप्शन्समध्ये जाऊन सगळं एका फटक्यात अवघड करून टाकलं. ऑटो रडर बंद, ऑटो मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण) बंद, टेकऑफ-लँडिंगची मदत बंद, क्रॅश डॅमेज चालू. पिळण्याचा अक्ष आजवर कशालाच जोडलेला नव्हता. ऑटो रडर असायचा, टॅक्सी (जमिनीवरून विमान चालवत धावपट्टीपर्यंत नेणं) मी करतच नव्हतो, थेट धावपट्टीवरून सुरुवात. आज तो रडरला जोडला.

पुणे, धावपट्टी १०. थ्रॉटल पूर्ण. वेग चाळीस नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास असताना नाक डावीकडे वळलं, मी उजवा रडर दिला, विमान झटक्यात उजवीकडे गेलं आणि गवतात. सहा वेळा प्रयत्न केले, एकदाच हवेत गेलो. हवेतही त्रिकोणाखालची सरक-पट्टी (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी) एका जागी ठरेना.

वहीत लिहून ठेवलं: ‘पी-फॅक्टर. सवय करावी लागेल.’ पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे जास्त पॉवरला विमान डावीकडे ओढतं, हे वाचलेलं होतं. वाचलेलं बरोबर होतं. पण आज जे घडत होतं त्याचं कारण ते नव्हतं, आणि हे कळायला मला आठवडा लागला.

९ जून, रविवार (५ तास)

दिवसभर टेकऑफ. रडरची सेन्सिटिव्हिटी (दांडीच्या हालचालीला विमान किती तिखट उत्तर देतं तो आकडा) शून्यावरून उणे ६० वर आणली. झोकांड्या मंदावल्या, पण मधूनच येणारा झटका तसाच. उजवा रडर कधी, किती द्यायचा याचा सराव करत बसलो. चाळीसेक टेकऑफ झाले असतील. संध्याकाळपर्यंत मनगट दुखायला लागलं आणि प्रगती काही नाही. एकाच तऱ्हेने दिलेल्या रडरला विमान दर वेळी वेगळं वागत होतं. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. सराव करून जे सुधारतं ते निदान दर वेळी सारखं तरी चुकतं.

११ जून, मंगळवार रात्र (२ तास)

सेन्सिटिव्हिटीच्या पानावर ‘रिअॅक्टिव्हिटी’ नावाची एक पट्टी आहे. ती कमी केली की हाताची हालचाल विमानापर्यंत मऊ होऊन, थोडी मागाहून पोहोचते. रडर आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा पंख) दोन्हीची १०० वरून ५० केली. झटके खरंच कमी झाले! खूश होऊन लँडिंगला गेलो.

लँडिंग बिघडलं. फ्लेअरला (टेकण्याआधी नाक थोडं उचलताना) दांडी मागे घेतली तर नाक उठेना, आणखी घेतली तर एकदम उठलं, पुढे ढकललं तर उशिरा खाली आलं आणि नाकाचं चाक आपटलं. तीन उड्या. मला वाटलं एलिव्हेटर फार नाजूक आहे, म्हणून त्याचीही सेन्सिटिव्हिटी उणे ६० केली. आणखी बिघडलं.

हे सेन्सिटिव्हिटीच्या पानावरच्या आलेखाकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो. सेन्सिटिव्हिटी उणे केली की दांडीची एकूण ताकद कमी होत नाही. दांडी शेवटपर्यंत ओढली तर एलिव्हेटर शेवटपर्यंतच जातो. फक्त मधला भाग सपाट होतो, आणि मध्ये जेवढं सपाट तेवढं कडेला उभं चढतं. उणे ६० ला पहिल्या निम्म्या प्रवासात फार थोडं घडतं आणि उरलेल्या निम्म्यात बाकीचं सगळं घडतं. पूर्ण भरलेलं १७२ फ्लेअर करताना दांडी नेमकी त्या उभ्या भागात असते. म्हणजे जिथे सर्वांत हळुवारपणा हवा तिथेच मी दांडी सर्वांत तिखट करून ठेवली होती. वर रिअॅक्टिव्हिटीमुळे उशीर.

१५ जून, शनिवार (३ तास)

मावसभाऊ बारामतीहून दोन दिवस आला. तिथे तो फ्लाइंग शिकतोय, १७२ वरच. त्याला खुर्चीत बसवलं. एकच टेकऑफ केला, थ्रॉटल मागे घेतला आणि विचारलं, “दादा, इंजिन बंद करून बाहेरून बघितलंस का कधी?”

नव्हतं बघितलं. त्याने इंजिन बंद केलं, बाहेरचा कॅमेरा शेपटीमागे नेला, दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. विमान उभं, वारा शून्य, हात कुणाचाच नाही, आणि रडर आपोआप डावी-उजवीकडे फडफडत होता. माशाच्या शेपटीसारखा. मी आठ दिवस ज्याला पी-फॅक्टर म्हणत होतो ते हे.

मग विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत कॅलिब्रेशन उघडून ‘डिस्प्ले रॉ डेटा’ ला टिक केली. पिळण्याचा अक्ष ० ते २५५ मध्ये आकडे दाखवतो, मध्य १२८. हात न लावता आकडा १४१, ११९, १३३, ११६ असा नाचत होता. एका बाजूला दहा टक्के.

मी म्हटलं, डेड झोन (मध्याभोवतीचा, हालचाल मोजलीच न जाणारा भाग) बारा टक्के ठेवतो, सुटलो. तो म्हणाला, “मग थोडासाच उजवा पाय द्यायचा असेल तेव्हा कुठून देणार? टेकऑफला थोडासाच लागतो.” बरोबर होतं. शिवाय डेड झोन फक्त मध्यावरची थरथर झाकतो. उजवा रडर धरून ठेवलेला असताना अक्ष मध्यापासून दूर असतो आणि तिथे तोच नाच चालू राहतो.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. माझा हात धरून दांडी मागे ओढायला लावली आणि म्हणाला की खऱ्या योकचा मागे येण्याचा प्रवास जवळपास वीतभर असतो, आणि वेग बदलला की हाताला लागणारा जोर बदलतो. माझी दांडी चार-पाच सेंटिमीटर हलते आणि तिची स्प्रिंग चाळीस नॉटलाही तेवढीच आणि एकशेवीस नॉटलाही तेवढीच. म्हणजे ‘खरं विमान सरळ रेषेत वागतं, म्हणून वक्र (सेन्सिटिव्हिटीचा आकडा) शून्यच ठेवायचा’ हा माझा आग्रहच चुकीचा होता. दांडी आखूड आहे, म्हणून वक्र लागतोच. तो किती, एवढाच प्रश्न.

१६ जून, रविवार (४ तास)

जॉयस्टिक उघडली. बुडाला सात स्क्रू, त्यातला एक स्टिकरखाली लपलेला. तो न दिसल्याने मी जोर लावला आणि प्लास्टिकचं एक नाक तुटलं. उघडण्याआधी स्टिकरवरून बोट फिरवून बघा, खड्डा लागतो.

पिळण्याच्या अक्षाला एक साधा पॉट (पोटेन्शिओमीटर, फिरवल्यावर रेझिस्टन्स बदलणारा भाग) आहे, अंगावर ‘बी१०के’ छापलेलं. दांडी वर्षानुवर्षं मध्यावरच उभी राहते, त्यामुळे आतल्या कार्बनच्या पट्टीवर नेमकी मधली जागा झिजते. जिथे सर्वांत जास्त अचूकता हवी तीच जागा आधी जाते. कॉन्टॅक्ट क्लीनर (३४० रुपये) पॉटच्या फटीत मारला आणि खुंटी पन्नासेक वेळा इकडून तिकडे फिरवली. गंजाचा नेहमीचा स्प्रे मारू नका, तो तेलकट थर मागे ठेवतो. दांडीच्या गोल बैठकीतलं जुनं चिकट ग्रीस पुसून सिलिकॉन ग्रीस (१६० रुपये) लावलं. यामुळे एलिव्हेटर मध्यावर अडकून सुटायचा तो थांबला, आणि हा फायदा मला अपेक्षितही नव्हता.

थरथर १३ वरून ३ वर आली. रात्री दोन टेकऑफ सरळ झाले.

१९ आणि २० जून (मिळून ४ तास)

थरथर परतली, ९-१० पर्यंत. पट्टीच झिजली असेल तर धुऊन काय होणार. बुधवारी ऑफिस सुटल्यावर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला गेलो आणि एका दुकानात ‘दहा के चा पॉट द्या’ म्हणून वीस रुपयांना एक आणला. तारांचा फोटो न काढता सोल्डरचा डाग सोडवला, त्यामुळे कडेच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आणि रडर उलटा झाला. ते पुन्हा डाग देऊन सरळ केलं.

खरी चूक वेगळीच होती. हात सोडल्यावर आकडा १२८ ऐवजी ३२. विंडोजचं कॅलिब्रेशन केल्यावर मध्य जागेवर आला, पण डावा रडर पायऱ्यापायऱ्यांनी हलायचा आणि उजवा लोण्यासारखा. पॉट पुन्हा काढून बघितला तर त्यावर ‘ए१०के’. ‘ए’ म्हणजे आवाजाच्या बटणासाठीचा: निम्म्यापर्यंत रेझिस्टन्स हळूहळू वाढतो आणि मग भराभर. ‘बी’ म्हणजे सरळ. माझ्या डाव्या बाजूला अख्ख्या प्रवासासाठी फक्त ३२ पायऱ्या उरल्या होत्या, उजवीला सव्वादोनशे. दुकानदाराने मागितलं तेच दिलं होतं. अक्षर मी सांगायला हवं होतं. दोन दिवस गेले.

२२ जून, शनिवार (४ तास)

‘बी१०के’ दोन आणले, एक जोडला, एक डब्यात. आकडा १२७-१२८, मध्येच एखादा १२९. बाहेरच्या कॅमेऱ्यातून रडर दगडासारखा स्थिर.

आता आधीची सगळी मलमपट्टी काढली. सगळ्या अक्षांची सेन्सिटिव्हिटी ०, डेड झोन ०, रिअॅक्टिव्हिटी १००. मदती सगळ्या परत चालू, आणि एकेक बंद करत गेलो. एक बंद, तीन टेकऑफ, तीन लँडिंग, मग पुढची.

ऑटो रडर बंद केल्यावर विमान पुन्हा डावीकडे गेलंच! क्षणभर पोटात गोळा आला. पण हे जाणं वेगळं होतं: सलग, मऊ, पॉवरबरोबर वाढणारं. थ्रॉटल कमी केला की कमी व्हायचं. खात्री करायला वारा शून्य ठेवून विमान वेगात आल्यावर थ्रॉटल पूर्ण मागे घेतला आणि हात सोडले. सरळ गेलं. आधीचा दोष थ्रॉटल बंद असतानाही झटके द्यायचा. दोन्हीतला फरक एवढाच आहे आणि तो पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत तपासता आला असता.

हे डावीकडे जाणं खरं आहे, त्याला सेटिंगने मारायचं नाही. थ्रॉटल एकदम न ढकलता तीन-चार सेकंदांत उघडायचा आणि त्याच्याबरोबर उजवा रडर वाढवत न्यायचा. वेग आला की रडरची ताकद वाढते, मग थोडा सोडायचा. ५५ नॉटला नाक उचललं की पुन्हा थोडा लागतो. आज आठपैकी सात टेकऑफ मधल्या रेषेवर.

२३ जून, रविवार (५ तास)

आज फक्त वक्र. नियम एकच: एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि दर वेळी तीच परीक्षा द्यायची. परीक्षा अशी: निरभ्र, वारा शून्य, ३,५०० फूट, १०० नॉट. पाच मिनिटं सरळ, उंची शंभर फुटांच्या आत. मग सेकंदाला तीन अंशांचं वळण, म्हणजे दोन मिनिटांत पूर्ण फेरी, १५-१६ अंश कलून. मग ४५ अंशांचं तिखट वळण, त्यात दांडी बरीच मागे धरावी लागते. शेवटी लँडिंग.

सरळ उड्डाण सांगतं की मधला भाग फार तिखट आहे का. ४५ अंशांचं वळण सांगतं की कडेचा भाग फार उभा झालाय का. एकच परीक्षा घेतली तर दुसऱ्या टोकाला बिघाड होतो, ११ तारखेला झाला तसा.

एलिव्हेटर ० ला सरळ उड्डाणात नाक सतत डुलत होतं. उणे २० ला बरं, उणे ३५ ला छान, उणे ४५ ला सरळ उड्डाण आणखी छान पण वळणात १५० फुटांची चढउतार सुरू. ३५ वर थांबलो. एलेरॉन (विमान कलवणारे पंखांच्या कडेचे भाग) उणे २५. रडर उणे ३०. डेड झोन एलिव्हेटर-एलेरॉनला २ टक्के, रडरला ४. हे आकडे माझ्या दांडीचे आहेत, तुमचे वेगळे येतील, परीक्षा मात्र हीच घ्या.

ट्रिमबद्दल, म्हणजे दांडी सतत धरून न ठेवता नाक जागेवर ठेवणाऱ्या सोयीबद्दल. खऱ्या विमानात योकवर जोर धरून ठेवायचा आणि जोर नाहीसा होईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवायचं. इथे स्प्रिंगचा जोर विमानाशी जोडलेलाच नाही, तो कायम मध्याकडेच खेचणार. म्हणून ट्रिमचं बटण दाबताना त्याच गतीने दांडी मध्याकडे सोडत जावं लागतं, नाक क्षितिजावर जागच्या जागी ठेवून. हे जमायला मला तासभर लागला. जमल्यावर कळलं की एलिव्हेटर नाजूक वाटायचा त्यातला निम्मा भाग ट्रिम न केल्याचाच होता. ट्रिम दांडीवरच्या अंगठ्याच्या बटणावर घ्या, कीबोर्डवर ठेवू नका.

२६ जून, बुधवार (दीड तास)

मिक्श्चर. पुण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे, तिथे पूर्ण रिच (इंधन जास्त) चालतं. ६,५०० फुटांवर तसंच ठेवलं तर इंधन उगाच जातं. इंजिनच्या पानावर ईजीटी (इंजिनच्या धुराचं तापमान) बघत हळूहळू लीन (इंधन कमी) केलं. उतरताना पुन्हा रिच करायला एकदा विसरलो, म्हणून ते लँडिंगच्या चेकलिस्टमध्ये वहीच्या पहिल्या ओळीत लिहिलं.

२८ जून, शुक्रवार रात्र (अडीच तास)

पुण्यात सगळं छान, जुहूला गेलो की शेवटच्या मैलात विमान पुन्हा डुलायला लागायचं. हात पुन्हा सेन्सिटिव्हिटीकडे गेला. या वेळी थांबलो आणि फ्रेमचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो) आकडा पडद्यावर लावला. पुण्यात ३४, जुहूच्या फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) १७. मुंबईच्या इमारतींनी पीसी दमत होता. दांडी हलवल्यावर चित्र उशिरा बदलतं, आपण तोवर आणखी ओढतो, मग जास्त झालं म्हणून ढकलतो. हा उशीर कुठल्याच वक्राने जात नाही.

टेरेनचं लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा तपशील) १०० वरून ५० केलं, इमारती मीडियमवर, विमानतळावरची वाहनं कमी. फायनलवर २८ मिळाले आणि डुलणं गेलं. दूरच्या इमारती थोड्या बोथट दिसतात. मला ते चालतं. सगळ्यात आधी फ्रेम बघायला हवे होते.

३० जून, रविवार (३ तास)

पुणे ते जुहू. सगळ्या मदती बंद, क्रॅश डॅमेज चालू. जूनचे खरे ढग घाटावर ठेवले असते तर डोळ्यांनी जाणं शक्यच नव्हतं, म्हणून आकाश मोकळं ठेवून वारा पश्चिमेचा १० नॉट दिला.

धावपट्टी २८ वरून निघालो, ६,५०० फूट. लोहगड-विसापूर डावीकडे खाली, दोन्हींचे माथे साडेतीन हजार फुटांच्या आतबाहेर. घाट ओलांडला की जमीन एकदम पायाखालून निघून जाते, ते बघून हात क्षणभर सैल पडला आणि तरीही उंची हलली नाही. ट्रिम नीट होता. चाळीस मिनिटांचा प्रवास, त्यातली तीस मिनिटं दांडीला दोन बोटं.

जुहूची मुख्य धावपट्टी साधारण अकराशे मीटरची आणि सांताक्रूझ (मुंबईचा मोठा विमानतळ) अगदी खेटून. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून इथे उतरलं आणि धावपट्टी संपून पुढे गेलं. २६ वर येताना सांताक्रूझचा लांबलचक पट्टा आधी पायाखालून जातो, मग पुढे जुहूचा लहानसा पट्टा आणि त्यापलीकडे समुद्र. आखूड वाटतो म्हणून घाईने नाक खाली टाकावंसं वाटतं. टाकलं नाही. फ्लॅप (उतरताना पंखांमागून खाली सोडायच्या पट्ट्या) पूर्ण, ६५ नॉट, उंबरठ्यावर ६१. थ्रॉटल बंद, दांडी हळूहळू मागे, जिथे ११ तारखेला काहीच घडत नव्हतं आणि मग एकदम घडायचं तिथे आज बोटाएवढ्या हालचालीला बोटाएवढंच नाक उठलं. मागची चाकं टेकली, उडी नाही. नाकाचं चाक सेकंदाने. मधल्या रेषेच्या हातभर डावीकडे.

मावसभावाला रेकॉर्डिंग पाठवलं. त्याचं उत्तर: “दादा, टेकल्यावर पण उजवा पाय सोडू नकोस.”

खर्च: जॉयस्टिक सोडून ५६० रुपये, त्यात चुकीच्या पॉटचे २०. वेळ ३७ तास, त्यातले १४ वाया. क्रम पुन्हा करायचा झाला तर: फ्रेम, मग रॉ आकडे, मग ट्रिमचं बटण, मग वक्र, आणि मदती एकेक करून शेवटी. थ्रॉटलच्या पट्टीचा आकडाही आज ४-५ ने हलताना दिसला. डब्यातला दुसरा ‘बी१०के’ तिथे बसतो का, ते पुढच्या शनिवारी उघडून बघतो. या वेळी तारांचा फोटो काढून.